हरणीचे पेन्शन

आदिलाबादेत 'ग्रेहाउंड' हा शब्द चारचौघांत मोठ्याने उच्चारू नये, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले. आमच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेली एक कुत्री येणार आहे, ती ग्रेहाउंडच्या जातकुळीतली आहे, असे मी चहाच्या हॉटेलात एका स्नेह्याला सांगत होतो. शेजारच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ चहा अर्धा टाकून उठून गेले. या जिल्ह्याच्या जंगलपट्टीत 'ग्रेहाउंड्स' म्हणजे कुत्री नव्हेत. नक्षलवाद्यांच्या बंदोबस्तासाठी १९८९ साली उभारलेले ते पोलिसांचे खास दल. संध्याकाळपर्यंत 'मास्तरांकडे ग्रेहाउंड्स येणार' ही वार्ता आळीभर झाली होती. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या जीपमधून उतरली ती मात्र हाडांचा सांगाडा दिसावा अशी एक फिकट तांबूस कुत्री. लोकांची निराशाच झाली म्हणा ना!

तिचे नाव हरणी. खरे पाहता ती ग्रेहाउंड नव्हे, कारवान. कारवां म्हणजे तांडा. तांड्यांबरोबर दक्षिणेत आलेली म्हणून हे नाव पडले, असे मानतात. आपल्या हैदराबादेतही कारवान नावाची वस्ती आहेच. अंगावर रेशमी झुबके असतील तर त्याच कुत्र्याला पश्मी म्हणतात. लातूरकडे ही कुत्री हौसेने पाळतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हिची निगा राखून पैदास केली आणि पंचम जॉर्ज बादशहांना जोडी नजर केली, तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव चालू झाले. श्वानसंस्थांतही एकमत नाही. एक हिला कारवान म्हणून नोंदते, दुसरी मुधोळ म्हणून. २००५ साली टपालखात्याने तिकीट काढले ते मुधोळच्या नावाने. घोरपड्यांचे संस्थान गेले, पण कुत्र्यावर नाव राहिले. पुष्कळ संस्थानिकांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

सांगली-विजापूरकडच्या जत्रांतून या कुत्र्यांच्या शर्यती होतात. हरणी तिथे चार वर्षे पळाली. पाचव्या वर्षी पुढचा पाय मनगटापाशी दुखावला. तिच्या धन्याकडे आणखी आठ कुत्री. तो काही दुष्ट माणूस नव्हे. स्वतः चहा-भाकरीवर राहून त्याने हिला दूध-अंडी चारली होती. पण न पळणाऱ्या कुत्रीला नववी थाळी कुठून वाढायची? शेतावर बांधून टाकणार, एवढ्यात माझ्या भाच्याने तिला मागून घेतले आणि नोकरीच्या गावी जागा नाही म्हणून आमच्या गळ्यात घातले.

शर्यतीचे कुत्रे म्हणजे घरात धुमाकूळ, ही आमची कल्पना. प्रत्यक्षात इतका झोपाळू प्राणी मी पाहिला नाही; आणि मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. सकाळी एक चक्कर, संध्याकाळी एक चक्कर, उरलेला दिवस निजणे. तिला घराचीच सवय नव्हती. पहिल्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी ती अशी उभी राहिली, की जणू समोर विहीर आहे. आरशातल्या कुत्रीला भ्यायली. पंखा फिरू लागला की बाहेर जाई. नाव घेऊन हाक मारली तरी उठत नसे. दूरवर पिशवी हलली की मात्र मान ताठ. ही कुत्री वासावर नव्हे, नजरेवर चालतात. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने पाठीमागचेही बरेचसे त्यांना दिसते.

शेजाऱ्यांनी महिनाभर आमची अब्रू काढली. "मास्तर, कुत्र्याला खायला घालत जा हो!" बरगड्या मोजता येणे हे या जातीचे आरोग्य, हे कुणाला किती वेळा सांगणार? अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, केस आखूड. म्हणून आदिलाबादची हवा तिला दोन्ही बाजूंनी छळते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडून असते. आणि थंडी तर तेलंगणात आमच्याच जिल्ह्याची कडक. पौषात ती रात्रभर कुडकुडली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या लुगड्यांची चौपदरी गोधडी शिवली. नुसत्या जमिनीवर निजले की कोपरांना घट्टे पडतात, हे नंतर गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. सौ.ना ते आधीच कळले होते.

त्याच डॉक्टरांनी एकदा तिचे रक्त तपासले आणि ते गोंधळले. तांबड्या पेशी इतक्या, की हे रोगाचे लक्षण मानावे! मग त्यांनी पुस्तक काढले. पळणाऱ्या कुत्र्यांत हे प्रमाण मुळातच जास्त असते, हृदयही अंगाच्या मानाने मोठे असते. भूल देण्याची काही जुनी औषधे यांच्या अंगात फार वेळ राहतात, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर आधी जात सांगायची, असे त्यांनी बजावले. ती चिठ्ठी आम्ही देवघराच्या फळीवर ठेवली आहे.

विलायतेत हे निवृत्तीचे प्रकरण फार मोठे आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ रोजी यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड सोडले, आणि तिथे हा खेळ बघता बघता गोरगरिबांचा जुगार झाला. मिक द मिलर नावाच्या कुत्र्याने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे डर्बी जिंकली. मेल्यावर पेंढा भरून त्याला संग्रहालयात ठेवले. पण मिकसारखे किती? ताशी साठ किलोमीटरांवर पळणारे हे जनावर दोन ते पाच वर्षांचे असतानाच बाद होते, आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचे. गोल धावपट्टीवर सारखे डावीकडे वळून उजव्या मागच्या पायाचे हाड मोडते, हे तर ठरलेले. बाद कुत्र्यांना घरे मिळवून देण्यासाठी १९७५ साली ब्रिटनमध्ये एक न्यास निघाला. मकावमधील धावपट्टी २०१८ साली बंद झाली, तेव्हा पाचशेहून अधिक कुत्री एकदम निराधार झाली आणि प्राणिमित्रांनी त्यांना देशोदेशी घरे शोधली. त्याच वर्षी फ्लोरिडात मतदान होऊन शर्यती बंद करण्याचे ठरले. २०२० अखेर त्या थांबल्या.

आपल्याकडे हे काम १९७२ सालीच झाले होते, फक्त कुणाच्या ध्यानात आले नाही. त्या वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. सशामागे कुत्री सोडणे हा गुन्हा ठरला आणि हरणीची अख्खी जात एका दिवसात निवृत्त झाली. कायदा योग्यच होता. त्याविरुद्ध एक अक्षर मला म्हणायचे नाही. पण शेकडो वर्षे ज्या कामासाठी हे अंग घडवले, ते कामच गेले. जत्रेतली शर्यत हा त्या कामाचा उरलेला तुकडा.

गेल्या माघातली गोष्ट. बेल्याच्या बाजूला पैनगंगेजवळ एका स्नेह्याचे शेत आहे. कापसाची वेचणी संपली होती, बांधापलीकडे हरभरा आणि तूर. आसपास कुणी नाही असे पाहून मी हरणीचा पट्टा सोडला. चूक माझीच. पऱ्हाटीतून ससा उठला आणि ती निघाली. तोवर मी तिला कधी पळताना पाहिलेच नव्हते! चारही पाय एकदा पोटाखाली गोळा होत आणि एकदा पुढेमागे ताणले जात, आणि दोन्ही वेळा ती जमिनीला कुठेच टेकलेली नसे. मी ओरडायला हवे होते. मी ओरडलो नाही. तोंड उघडे टाकून बघत राहिलो. ससा एका हिसक्यात वळला, तुरीत शिरला आणि वाचला. अर्ध्या तासाने ती लंगडत परत आली, पाय सुजलेला, जीभ लोंबलेली, डोळ्यांत असे काही तेज की ते गोधडीवर कधी दिसले नव्हते. आठ दिवस शेक चालला. सौ. माझ्याशी बोलत नव्हत्या.

हे सारे सांगण्याचे कारण पुढचे आहे. फाल्गुनात तिचा जुना धनी नागपूरहून परतताना वाट वाकडी करून आमच्याकडे आला. हरणीने त्याला फाटकातच ओळखले. तिने त्याच्या गुडघ्यांवर मान टेकली. हे ती आमच्याशी क्वचित करते. त्याने तिचा पाय बोटांनी चाचपला, जाणत्या वैद्यासारखा.

"पाय बरा झालाय की मास्तर," तो म्हणाला. "चैतात आमची जत्रा हाय. एकदाच पळवू. मग एक वेत घेतो, पिल्लं माझी, कुत्री परत तुमची."

मी नाही म्हणायला हवे होते. पण माघातली ती धाव डोळ्यांपुढे होती, आणि मनात आले, की तिला विचारता आले असते तर ती काय म्हणाली असती? मी घुटमळलो. सौ. चहा घेऊन बाहेर आल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "यांना पेन्शन सुरू झाल्यापासून शाळेने एकदाही वर्गावर बोलावलेलं नाही. हिलाही नका बोलावू."

तो हसला. मग बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसला. पुन्हा विषय काढला नाही. निघताना त्याने पिशवीतून तिचा जुना तांबडा पट्टा काढला, पितळी घुंगरू लावलेला, आणि खुर्चीवर ठेवला.

जीपचे दार उघडले, आणि आम्ही कुणी काही करायच्या आत हरणी आत चढून मागच्या बाकावर बसली. मी हाक मारली. सौ.नी भाकरी दाखवली. ती समोर रस्त्याकडे बघत राहिली.

शेवटी त्यानेच तिला दोन्ही हातांनी उचलून आमच्या ओट्यावर आणून ठेवले आणि फाटकाची कडी स्वतः बाहेरून लावली. संध्याकाळपर्यंत ती फाटकाशी उभी होती. रात्री नऊच्या सुमारास आत आली, दूध-भाकरी खाल्ली आणि गोधडीवर तीन वेटोळी घेऊन निजली.