मिरचीची चोरकिल्ली

परवा ठेचा केला, हात धुतले, आणि धाकटीचे डोळे पुसायला गेले मात्र, तिने घर डोक्यावर घेतलं! डोळे पाण्याने भरपूर धुतले, तेव्हा कुठे शांत झाली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हाताला आधी तेल नाही का लावायचं?"

मैत्रिणींनो, त्यांचं खरं होतं. मेंदूकडे निरोप नेणाऱ्या आपल्या चेतापेशींच्या आवरणाला इवली इवली दारं असतात. त्यातलं एक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की उघडतं. कॅल्शियम आत घुसतं आणि मेंदूला तार जाते, "भाजलं!" मिरचीतला कॅप्सायसिन नावाचा रेणू भलता लबाड. तो आवरणात शिरून दाराच्या खाचेत बसतो आणि काही तापलेलं नसतानाही दार उघडतो. चटका खोटा, पण रडणं खरं! अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी हे दार १९९७ मध्ये शोधलं. २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी. पोपटाच्या दाराला ही किल्ली लागत नाही, म्हणून मिठू मिरच्या मजेत खातो.

हा रेणू पाण्याला दाद देत नाही, तेलात मात्र विरघळतो. म्हणून मिरच्या हाताळल्यावर आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंड पोळलं तर दूध प्या. डोळ्यात मात्र तेल नको; तिथे स्वच्छ पाणीच.

आणि लेकराला घेण्याआधी हात पुन्हा धुवा. मोठी माणसं "हाय हाय" करतात, तान्ह्याला सांगताही येत नाही.