सही नाही, तरी पत्र अस्सल!

थोरामोठ्यांच्या सह्यांची पत्रं जमवणाऱ्याची नजर आधी कागदाच्या तळाशी जाते. पण शिवाजी महाराजांचं किंवा बाजीराव पेशव्यांचं राजपत्र समोर आलं, तर तिथे आपल्या ओळखीची सही सापडायचीच नाही! मग दूरच्या किल्लेदाराने हुकूम खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?

वर शिक्का, खाली मोर्तब! मजकूर कारकून बोरूने मोडी लिपीत लिहायचा. तो संपला की शेवटच्या अक्षराला खेटून छोटं मोर्तब उमटायचं. महाराजांचं ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांचं ‘लेखनसीमा’. मजकुराला कुंपणच घातलं की! नंतर कुणी एखादी ओळ घुसडली, तर ती कुंपणाबाहेर पडणार. आणि लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवला असेल तर? पाठीमागे, नेमक्या जोडावरही मोर्तब. आता मधला तुकडा बदलून दाखवा!

सावकारांची शक्कल मला तर याहून भन्नाट वाटते. हजाराच्या हुंडीत नुसते हजार लिहून भागत नसे. निम्मे पाचशे, त्याची दुप्पट, असंही लिहायचं. एक शून्य वाढवणाऱ्याला सगळा हिशेबच बदलावा लागणार. पानिपताची बातमीही नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातूनच कळली, असं इतिहासकार ग्रँट डफने लिहिलंय: दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची गणतीच नाही. ते दोन मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव, म्हणजे भाऊसाहेब. याच भाऊसाहेबांनी फेब्रुवारी 1760 मध्ये आमच्या सास्तूर गावाच्या मुलखात, उदगीरला, निजामाला नमवलं होतं.

अशी पत्रं आपल्यापर्यंत पोचली ती वि. का. राजवाड्यांसारख्या माणसांमुळे. गावोगाव हिंडून त्यांनी ती मिळवली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे तब्बल 22 खंड काढले. कित्येक पत्रांवर तारीख आहे, सालच नाही! मग मजकुरातल्या लढाया, स्वाऱ्या, मृत्यू ताडत साल शोधायचं.

पण सगळेच कागद असे वाचत नाहीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात सास्तूरची दगडमातीची घरं कोसळली. कुठल्या कोनाड्यात कागदांचा कुठला रुमाल बांधून ठेवला होता, आता कोण सांगणार? म्हणून जुन्या पेटीत मोडीचं बाड निघालंच, तर रद्दीत घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मोडी जाणणाऱ्याकडे न्या. आणि तोवर कागद अलगद उलटून जोड तेवढा बघा.