सूर्य सर्वांचा, वेधही सर्वांनी घ्यावा

सूर्य आपल्याला प्रकाश देतो, ऊब देतो, हे शेंबडे पोरही जाणते. परंतु त्याच्याकडून आणखीही काही येत असते. विद्युत्‌भारित कणांचा एक अखंड प्रवाह, ज्याला सौरवात म्हणतात, तो पृथ्वीवर सतत येऊन आदळत असतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की या प्रवाहाला उधाण येते आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ उठते. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि साठ लाख लोकांचे व्यवहार ठप्प झाले. आज विमानापासून मच्छीमाराच्या होडीपर्यंत सारेच उपग्रहांच्या आधारे वाट शोधतात. तेव्हा हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

असे वादळ एकाच वेळी साऱ्या पृथ्वीला वेढते. त्याचा वेध एका राष्ट्राने, त्याच्याजवळ कितीही धन असले तरी, घ्यावा कसा? त्यासाठी ठिकठिकाणच्या नोंदी हव्यात. या बाबतीत आपल्या मुंबईने बजावलेली कामगिरी वाचकांना ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातील एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले. अनेक वेधशाळांतील उपकरणांची मोजपट्टीच अपुरी पडली. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र त्याची नोंद टिकली आणि शंभराहून अधिक वर्षांनी त्या जुन्या आकड्यांवरूनच शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे बळ अजमावले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे चुंबकीय काम अलिबागला हलविण्यात आले. तेथे ते आजही चालू आहे.

अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात झाला. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही अमेरिका आणि सोव्हिएत रशिया त्यात एकत्र आले.

त्यानंतरचे पाऊल आपल्या भूमीवर पडले. केरळातील थुंबा हे कोळ्यांचे गाव चुंबकीय विषुववृत्तालगत आहे. तेथे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा एक जोरकस प्रवाह वाहतो. इतक्या उंचीवर फुगा पोहोचत नाही आणि उपग्रह इतका खाली टिकत नाही. अग्निबाण हाच उपाय. डॉ. विक्रम साराभाई यांनी हे हेरले. गावच्या चर्चची वास्तू बिशप पीटर बर्नार्ड परेरा आणि त्यांच्या भाविकांनी विज्ञानासाठी मोकळ्या मनाने दिली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा, त्यातील सोडियमच्या वाफेची सामग्री फ्रान्सची आणि भूमी भारताची! २ फेब्रुवारी १९६८ रोजी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण करण्यात आले.

येथे कोणी कोणावर उपकार केले? आमच्या मते, कोणीच नाही. श्रीमंत राष्ट्रांजवळ यंत्रे होती, परंतु चुंबकीय विषुववृत्त त्यांना पैसे मोजून आपल्या घरी नेता येत नव्हते. ते भारत, पेरू, इथिओपिया, नायजेरिया अशा देशांवरून जाते. गरज दोघांनाही होती.

हेच सूत्र २००७ च्या आंतरराष्ट्रीय सूर्यभौतिक वर्षात अधिक स्पष्ट झाले. पुढारलेल्या देशातील शास्त्रज्ञाने उपकरण पुरवावे. यजमान देशाने जागा, वीज आणि माणसे द्यावीत. नोंदी मात्र सर्वांना खुल्या असाव्यात, अशी ती वाटणी. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेले 'कॅलिस्टो' हे छोटे रेडिओ उपकरण अशाच रीतीने अनेक देशांत पोहोचले. आपल्याकडे ते उटीला आहे. एके ठिकाणी सूर्य मावळला तरी दुसरीकडे तो वर असतोच, म्हणून या साखळीची नजर सूर्यावरून ढळत नाही.

तथापि एक धोका ध्यानी घेतला पाहिजे. यंत्र आले, नोंदी बाहेर गेल्या आणि यजमान देशातील तरुण केवळ राखणदार राहिला, तर त्याला सहकार्य म्हणता येणार नाही. नोंद करणारा हात आणि तिचा अर्थ लावणारी बुद्धी एकाच घरची झाली पाहिजे. म्हणूनच प्रशिक्षणाचे मोल यंत्राहून अधिक. संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न असे एक केंद्र १९९५ पासून डेहराडूनला आहे आणि आशियातील विद्यार्थी तेथे अवकाशविज्ञान शिकतात. एके काळी घेणारा भारत आता देणाराही झाला आहे.

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आपले 'आदित्य-एल१' यान आज सुमारे पंधरा लाख किलोमीटरांवरून सूर्याकडे टक लावून आहे. थुंब्याच्या किनाऱ्यावर उसन्या अग्निबाणाने झालेला आरंभ येथवर आला, तो मिळालेले ज्ञान आपण पचविले म्हणून. असाच आरंभ आज आफ्रिकेतील वा आशियातील एखाद्या लहान विद्यापीठाच्या गच्चीवर होत असेल. त्याला हात देणे हे ऋण फेडणे होय, असे आम्ही मानतो.