पसंतीक्रम कोणाचा?

उन्हाळा आला कीं पूर्वी आमच्या घरांतून मुंजी व लग्नें यांची धांदल असे. ती अजूनहि आहे. परंतु ज्या घरांत बारावीचें मूल आहे त्या घरांत तिच्याहून मोठी धांदल प्रवेशाची असते. गच्चीवर कुरडया वाळत असतात आणि दिवाणखान्यांत गुणपत्रिकांच्या छायाप्रती पसरलेल्या असतात. वडील संगणकासमोर चष्मा सांवरीत बसलेले, मामा फोनवरून सल्ला देत असलेले, आजीनें गणपतीला एकवीस मोदक बोललेले. आणि ज्याच्यासाठीं हें सर्व चाललेलें असतें तें मूल मात्र कोपऱ्यांत गप्प असतें. त्या गप्प बसण्याविषयींच आज आम्हांला लिहावयाचें आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची हकीकत सांगतों. गृहस्थ सुशिक्षित, बँकेंत चांगल्या हुद्द्यावर, मुलीवर जीव टाकणारे. मुलीला स्थापत्य अभियांत्रिकीची आवड. लहानपणीं कोठें पूल बांधला जात असला कीं ती तेथून हलत नसे. परंतु चार स्नेह्यांनीं सांगितलें कीं, हे दिवस संगणकाचे आहेत. त्यांतच स्वतःस अनुभवी म्हणविणाऱ्या एकानें मंत्र दिला, ‘हमखास मिळेल तेंच यादींत वर घाला, नाहीं तर हातचेंहि जाईल.’ गृहस्थांनीं रात्र जागून यादी भरली. दूरच्या एका महाविद्यालयाची संगणकशाखा पहिल्या क्रमांकावर बसली व मुलीला हवी असलेली पुण्यांतील स्थापत्यशाखा तिसऱ्या क्रमांकावर गेली. पहिल्याच फेरींत पहिला पर्याय मिळाला. घरांत पेढे वांटले गेले. मागाहून कळलें कीं, ती तिसऱ्या क्रमांकाची जागा तिच्याहून कमी गुणांच्या विद्यार्थ्यांस मिळाली होती. मुलगी रडली नाहीं. ती एवढेंच म्हणाली, ‘बाबा, यादी तुमची होती, शिकायला मात्र मला जायचं आहे.’

येथें अन्याय कोणीं केला? यंत्रानें खास नव्हे. यंत्राला जें सांगितलें तें त्यानें खरें मानलें, इतकेंच.

ही यादी कशी वाचली जाते तें पुष्कळ पालकांस ठाऊक नसतें, म्हणून थोडा खुलासा करतों. महाराष्ट्रांत अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र इत्यादि अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या ‘सीईटी सेल’मार्फत होतात. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या जागा क्रमानें लिहून देतो. मग गुणवत्तायादीच्या क्रमानें एकेकाची पसंती पाहिली जाते, आणि वरून खालीं येतांना जी पहिली जागा त्याच्यासाठीं शिल्लक सांपडेल ती त्याला दिली जाते. म्हणजे, न मिळण्याजोगी जागा वर लिहिल्यामुळें खालच्या जागेवरचा हक्क बुडत नाहीं. वरची न मिळाल्यास यंत्र निमूटपणें खालच्या ओळीवर येतें. उलट, हमखास मिळणारी जागा वर लिहिली तर यंत्र तेथेंच थांबतें; तिच्या खालीं काय लिहिलें आहे हें तें पाहतच नाहीं. त्यांतून पहिल्या फेरींत पहिलाच पर्याय मिळाला तर तो आपोआप कायम होतो, व पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. यालाच मुलें ‘ऑटो फ्रीज’ म्हणतात. नंतरच्या फेऱ्यांचे नियम वर्षावर्षाला बदलतात. तेव्हां त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पालकांनीं स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या गतवर्षीच्या अनुभवावर विसंबूं नये.

या विषयामागें मोठें गणित आहे. १९६२ सालीं डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं महाविद्यालयांतील प्रवेश आणि विवाहांचें स्थैर्य या दोहोंवर मिळून एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. पत्रिका जुळविण्यांत हयात गेलेल्या आमच्या आजीबाईंस या जोडीचें मुळींच नवल वाटणार नाहीं! एकमेकांस अधिक पसंत असलेले दोघे ताटातूट होऊन राहूं नयेत अशा रीतीनें जोड्या कशा लावाव्या, हें त्यांनीं दाखविलें. आणि या रीतींत मागणी करणाऱ्यानें आपली पसंती खोटी सांगून त्याचा कांहींएक लाभ होत नाहीं, हेंहि पुढें सिद्ध झालें. गेल २००८ सालीं वारले. शॅप्ली यांस २०१२ सालीं ॲल्विन रॉथ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे २०१५ पासून आय.आय.टी. व एन.आय.टी. या संस्थांच्या जागा एकत्र वांटल्या जातात. त्या वांटपाच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

म्हणजे एवढें गणित ज्यासाठीं खर्चीं पडलें ती गोष्ट अशी कीं, अर्ज भरणाऱ्या मुलानें आपल्या मनांतलें खरें लिहावें. आणि जन्मभर त्याला खरें बोलण्याचे धडे देणारे आम्ही वडीलधारे लोक नेमके याच वेळीं त्याच्या हातून खोटें लिहवून घेतों!

यावर कोणी म्हणेल, ‘सतरा वर्षांच्या पोराला काय कळतें?’ हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मूल जिला आपली आवड म्हणतें ती कधीं जिवलग मित्राची असते, तर कधीं चित्रपटांत पाहिलेली असते. परंतु यावर उपाय आपली आवड त्याच्यावर लादणें हा नव्हे, तर त्याची आवड पारखून घेणें हा आहे. आम्हांस एक साधी रीत सुचवावीशी वाटते. मुलानें एकट्यानें बसून दहा ओळींची यादी करावी. आईवडिलांनीं आपली यादी वेगळी करावी. मग दोन्ही समोरासमोर ठेवून प्रत्येक ओळीला ‘कां?’ असा प्रश्न विचारावा. मुलाच्या ओळींना जितक्या बारकाईनें, तितक्याच बारकाईनें आपल्याहि. ज्या ओळीचें उत्तर ‘लोक काय म्हणतील’ असें निघेल ती खोडावी, मग ती कोणाच्याहि यादींतली असो. उरलेल्यांपैकीं दोनतीन ठिकाणीं मुलाला प्रत्यक्ष घेऊन जावें. तेथें दुसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या एखाद्याला गांठून त्याचा सबंध दिवस कसा जातो हें विचारावें. त्या धंद्यांतील एखादें माणूस ओळखीचें असल्यास त्याच्याबरोबर मुलाला एक दिवस घालवूं द्यावा. इतकें झाल्यावर यादी मुलानेंच भरावी व शेवटचें बटण त्याच्याच बोटानें दाबलें जावें.

मग पालकांस कांहीं कामच उरलें नाहीं कीं काय? तसें नाहीं. तीन कामें खास त्यांचींच आहेत.

पहिलें काम कागदपत्रांचें. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नांव व आधारकार्डावरील नांव अक्षरशः एक आहे कीं नाहीं हें पाहावें. अधिवासाचा दाखला आगाऊ काढून ठेवावा. उत्पन्नावर आधारलेले दाखले त्या त्या आर्थिक वर्षाचे लागतात, म्हणून ते एप्रिल लागतांच मागावे; जूनमध्यें तहसील कचेरीपुढें रांगा लागतात. ज्या कुटुंबांना आरक्षण लागू नाहीं व ज्यांचें वार्षिक उत्पन्न आठ लक्ष रुपयांच्या आंत आहे त्यांनीं आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनें या घटकासाठीं दहा टक्क्यांपर्यंत जागा राखतां येतात. संकोचानें तिकडे न फिरकणारीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत; तो संकोच मुलाला महाग पडतो.

दुसरें काम पैशाचें, व तें सर्वांत अवघड. कारण आमच्या घरांतून मुलांपुढें पैशाचें बोलणें अप्रशस्त मानलें जातें. तथापि यादी करण्यापूर्वींच मुलाला घराची ऐपत आंकड्यांत सांगितली पाहिजे. चार वर्षांत मिळून इतके रुपये आम्ही घालूं शकूं; त्यापुढें कर्ज काढावें लागेल, व तें कोणीं व कसें फेडावयाचें तें हें असें. यादींतील जागा मिळाल्यानंतर ‘तेवढी फी आपल्याला झेपायची नाहीं’ असें ऐकणें हें जागा न मिळण्यापेक्षां कठोर आहे. सवलतींचीहि माहिती घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानें आर्थिक दृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि इतर मागास या वर्गांतील, आठ लक्षांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रक्रियेनें प्रवेश घेतल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची पूर्ण माफी मिळूं लागली. ज्या घरांत मुलाच्या शिक्षणासाठीं मुलीचें शिक्षण आंखडतें घेतलें जातें तेथें ही ओळ मोठ्यानें वाचून दाखवावी.

तिसरें काम जिभेचें. निकाल ‘पर्सेंटाइल’मध्यें येतो, आणि बोलण्यापूर्वीं त्याचा अर्थ तरी समजून घ्यावा. पंचाण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत पंचाण्णव गुण नव्हेत. शंभरांतील पंचाण्णव विद्यार्थी आपल्या बरोबरीला किंवा मागें आहेत, असा त्याचा अर्थ. तीन लक्ष मुलें परीक्षेला बसलीं असें धरल्यास पंचाण्णववाल्याच्या पुढें सुमारें पंधरा हजार उभीं असतात. हें न उमजल्यामुळें कोणी भलत्याच आशा बांधतात, व त्या फसल्या म्हणजे मुलाला बोल लावतात. आत्तेभावाचा निकाल त्या आठवड्यांत घरांत काढूं नये. दुसऱ्यांच्या वांट्याच्या जागांची जेवतांना केलेली चर्चाहि टाळावी. तिनें आपल्या मुलाचा एक गुण वाढत नाहीं. जेथें त्याला चार वर्षें सर्वांबरोबर बसून शिकावयाचें आहे तेथें तो मनांत अढी घेऊन मात्र जातो. मूल जेवेनासें झालें, झोपेनासें झालें, ‘माझा काय उपयोग’ असें बोलूं लागलें, तर तें नाटक समजूं नये. त्याच्याजवळ बसावें व वेळीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तेथें मराठींतहि बोलतां येतें.

१८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे व भांडारकर त्यांतलेच. त्या काळीं विद्येची वाट एकच होती, व त्या वाटेवर पाऊल टाकणें हेंच धाडस होतें. आज वाटा शेंकडों आहेत, आणि त्यांतली आपली कोणती हें सांगणें हें धाडस झालें आहे. तें मुलानें करावें. आम्ही त्याच्या पाठीशीं उभें राहावें.

त्या गृहस्थांची मुलगी आज तिसऱ्या वर्षांत आहे. अभ्यास नेटानें करते, तक्रार करीत नाहीं. यंदा तिच्या धाकट्या भावाची पाळी आली. यादी भरण्याच्या संध्याकाळीं वडील संवयीनें संगणकापुढें जाऊन बसले, क्षणभर थांबले, आणि उठून मुलाला म्हणाले, ‘ये, तूं बस. मी चहा टाकतों.’