सोडतीचे द्रव्य आणि सह्याद्रीचे रान

कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या दिवशी द्यूत खेळावे, असे जुन्या धर्मग्रंथांनी सांगून ठेवल्यामुळे पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही म्हणत असत. आणि ज्या कौटिल्याला देवधर्मापेक्षा राजाच्या खजिन्याची काळजी अधिक, त्याने द्यूतावर देखरेख ठेवण्यासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमून, जिंकणाऱ्याच्या लाभातून शेकडा पाच सरकारजमा करावेत, असा दंडक अर्थशास्त्रात घालून दिला. आजचे सरकार शेकडा तीस घेते. कौटिल्याला कठोर म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

नशिबाच्या खेळातून लोकोपयोगी कामे उभी करावीत, हा विचारही नवा नाही. कलकत्त्यात १८१७ साली स्थापन झालेल्या लॉटरी कमिटीने त्या शहरातले कित्येक रस्ते सोडतीच्याच पैशातून बांधले. स्वातंत्र्यानंतर केरळ सरकारने १९६७ मध्ये या कामासाठी वेगळे खाते उघडून २६ जानेवारी १९६८ रोजी पहिली सोडत काढली, तेव्हा तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस पन्नास हजारांचे होते. पाठोपाठ १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. पुढे १९९८ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवहाराला जे बांध घातले त्यांत वर्षाकाठी सहांहून अधिक भव्यतम सोडती काढू नयेत, असाही एक निर्बंध आहे, आणि आपल्याकडे त्या सहांतली एक दिवाळीच्या वाट्याला येते. हे तिकीट घ्यावे की घेऊ नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. घेऊ नये, एवढे माझे मत नोंदवून पुढे जातो. परंतु ज्यांनी घेतले आणि ज्यांना लागले, त्यांनी काय करावे, याचा विचार ‘मला लॉटरी लागली तर’ या शालेय निबंधापलीकडे आपण फारसा करीत नाही, आणि त्या निबंधात आईच्या पाटल्या, देवळाचा कळस व अनाथाश्रम यांच्यातच सारे द्रव्य संपून जात असते.

प्रथम तिकीट. ज्याच्या हाती तिकीट त्याचे बक्षीस, असा हा सरळ व्यवहार असल्यामुळे, निकाल कळताच तिकिटाच्या पाठीमागे नाव, पत्ता व सही करावी, दोन्ही बाजूंची छायाप्रत काढावी, आणि मूळ कागद ठरलेल्या मुदतीत योग्य कार्यालयात सादर करून त्याची पोच घ्यावी. तोवर पेढे वाटू नयेत. केरळात २०२२ च्या ओणम सोडतीत पंचवीस कोटींचे बक्षीस लागलेल्या एका रिक्षाचालकाने थोड्याच दिवसांत, मदत मागणाऱ्यांच्या रांगांनी घरात राहणे अशक्य झाल्याचे सांगून, बक्षीस लागले नसते तर बरे झाले असते, असे उद्गार जाहीरपणे काढले होते. पुढे त्या राज्याने विजेत्यांना पैसा कसा हाताळावा याचे शिक्षण देण्याचाही उपक्रम केला. आपल्या सरकारने तो उचलण्याजोगा आहे.

मग कर. एक कोटीचे बक्षीस लागले आणि अन्य उत्पन्न काहीच नाही असे धरू. बक्षीस देतानाच तीस लाख रुपये कापून घेतले जातात आणि उरलेले सत्तर लाख खात्यावर जमा होतात. येथेच बहुसंख्य विजेत्यांची समजूत होते की सरकारचे देणे चुकते झाले. वस्तुतः त्या तीस लाखांवर दहा टक्के अधिभार, म्हणजे तीन लाख, आणि या तेहेतीस लाखांवर चार टक्के उपकर, म्हणजे एक लाख बत्तीस हजार, असे चार लाख बत्तीस हजार रुपये आणखी भरायचे असतात, आणि ते अग्रिम कराच्या रूपाने विजेत्याने आपण होऊन भरावयाचे असतात. कोणी मागायला येत नाही. येते ती नंतर व्याजासह नोटीस. याचा अर्थ असा की एका कोटीतले खरोखर आपले असे पासष्ट लाख अडुसष्ट हजार. या उत्पन्नाला नेहमीच्या वजावटी लागू पडत नाहीत, म्हणून दान करून कर वाचवू, या हिशेबानेही कोणी निघू नये. मित्रावर लोभ असला आणि त्याला वर्षात पन्नास हजारांहून अधिक दिले, तर तो पैसा त्याच्या उत्पन्नात धरला जातो, हेही त्याला आधी सांगावे.

कर्जफेड, मुलांचे शिक्षण, म्हातारपणाची तरतूद या गोष्टींवर पाल्हाळ लावण्याचे कारण नाही. सावकाराचे देणे आधी, पतपेढीचे मागून, आणि घराचे सर्वांत शेवटी, हा क्रम कोणत्याही सुज्ञ गृहस्थास ठाऊक असतो. एवढेच लक्षात ठेवावे की ठेवींवरील विम्याचे संरक्षण एका ठेवीदारास एका बँकेत पाच लाखांपुरतेच आहे. गावातल्या एकाच सहकारी बँकेत, केवळ तिचा अध्यक्ष आपल्या आतेभावाचा मेहुणा म्हणून, सगळी रक्कम ठेवणाऱ्यांचे हाल महाराष्ट्राने पाहिले आहेत. पहिले सहा महिने पैशाला हात न लावणे उत्तम.

आता लेखाच्या खऱ्या विषयाकडे येतो. समजा, घरची सारी तरतूद होऊन पंचवीस लाख रुपये उरले, आणि विजेता मूळचा संगमेश्वर किंवा राजापूर तालुक्यातला असल्यामुळे, लहानपणी पाहिलेले रान राखावे, अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली. त्याला प्रथम दोन मोह होतात. एक रोपे लावण्याचा आणि दुसरा जमीन विकत घेण्याचा.

रोपे लावण्याचा मोह निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. सुबाभूळ, गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांनी आपल्या टेकड्या हिरव्या केल्या खऱ्या, पण त्या हिरवाईत पाखराला खायला फळ नाही. आणि सोलापूर-पुण्याकडील माळरानांत, जेथे गवत हीच निसर्गाची पूर्णावस्था आणि लांडगा, काळवीट, माळढोक हेच तेथले धनी, तेथे ओसाड समजून खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे नांदत्या घराला पडके ठरवून त्यावर दुसरे घर बांधणे होय. छायाचित्रासाठी रोप लावावे, निसर्गासाठी नव्हे, असे म्हणण्याइतका मी या बाबतीत कडवट झालो आहे.

जमीन खरेदीचा मोह अधिक उदात्त आहे, आणि त्याला उदाहरणेही आहेत. अनिल व पामेला मल्होत्रा या दांपत्याने कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात १९९१ साली ५५ एकर जमीन घेतली आणि आजूबाजूचे तुकडे जोडत जोडत सुमारे ३०० एकरांचे खाजगी अभयारण्य उभे केले. परंतु महाराष्ट्रात ही वाट सुगम नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ अन्वये जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. जो शेतकरी आहे त्याला १९६१ च्या सीलिंग कायद्याची मर्यादा, म्हणजे जिरायत असेल तर ५४ एकर. आणि झाडी दाट असेल तर ३० ऑगस्ट १९७५ रोजी अंमलात आलेल्या खाजगी वने संपादन कायद्याखाली ती जमीन केव्हाच सरकारजमा झालेली नाही ना, याची खातरजमा जुने फेरफार काढून करून घ्यावी लागते. त्याहून मोठी अडचण सातबाऱ्याच्या उताऱ्यातच असते. कोकणातल्या एखाद्या वीस एकरांच्या गटाचा उतारा काढून पाहावा: पणजोबाच्या नावाखाली तीन चुलत घराण्यांतली तीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी मयत, वारस नोंद न झालेले, कोणी लालबागला, कोणी डोंबिवलीला, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हिस्सा पै-आणेवारीत, आणि इतर हक्कांच्या रकान्यात एका कुळाचे नाव, ज्याचा आज गावात मागमूस नाही. या सर्वांच्या सह्या जमवून खरेदीखत नोंदवीपर्यंत सोडतीचे द्रव्य वकिलाच्या ओसरीवरच संपावयाचे.

पण याच चाळीस सहहिस्सेदारांचे रान लाकूडतोडीच्या ठेकेदाराला मात्र एका दुपारी देता येते. गणपतीला सगळे गावी आलेले असतात, घराचे कौल बदलायचे असते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते; ठेकेदार रोख रक्कम पुढे करतो, संमतीपत्रावर सह्या होतात, आणि पाऊस सरल्यावर सगळा उतार बोडका होतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले रान बहुतांशी खाजगी मालकीचे असल्यामुळे वनखात्याचा रक्षक तेथे फारसा उपयोगी नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की विजेत्याने जमीन न घेता न तोडण्याची मुदत विकत घ्यावी. मालकी त्यांचीच राहू द्यावी. अमुक वर्षे करवत लागणार नाही, एवढाच करार करून त्याबद्दल दरवर्षी ठराविक मोबदला द्यावा.

ही केवळ कल्पना नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर भागात जमीनमालकांशी व गावांशी असे संवर्धन-करार करीत आली आहे, आणि त्याला तिने बेहड्याच्या फळांची जोड दिली, हे मला विशेष वाटते. बेहड्याच्या लाकडाला मोल नाही, म्हणून तो आधी तुटतो. पण जुन्या बेहड्याच्या ढोलीतच मोठा धनेश घरटे करतो. मादी ढोलीत शिरून विष्ठेने व चिखलाने तोंड लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते, आणि त्या चिरेतून नर तिला, पुढे पिलांनाही, महिनोन्‌महिने उंबर-वडाची फळे भरवीत राहतो. तीच ढोली जोडी वर्षानुवर्षे वापरते, सबब एक झाड पडले की एक वंश खुंटला. रानास अपाय न करता गोळा केलेल्या या बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळून परदेशी औषधी चहावाल्यांकडून बरा भाव येऊ लागला, तेव्हा उभे झाड मालकाला पडलेल्या झाडाहून किफायतशीर झाले.

देवरायांचे प्रकरण निराळे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या या देवाच्या राखीव रानांचा अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय मोल दाखवून दिले, त्याला अर्धशतक झाले. आज त्यांना कुऱ्हाडीचे जे भय आहे ते बरेचदा भक्तीतून येते. गावाला देवळाचा जीर्णोद्धार करायचा असतो, कौलारू देऊळ पाडून सिमेंटचा सभामंडप बांधायचा असतो, वर्गणी कमी पडते, मग गुरवामार्फत देवीला कौल लावला जातो, उजवा कौल मिळतो आणि राईतली झाडे विकली जातात. येथे विजेत्याने निसर्गावर व्याख्यान देऊ नये. जीर्णोद्धाराची तूट भरून काढावी, आणि त्या बदल्यात राई अबाधित राहील असा ठराव मानकऱ्यांच्या सह्यांनिशी ग्रामसभेत करून घ्यावा. निबंधातला देवळाचा कळस अशा रीतीने सार्थकी लागू शकतो, हे त्या निबंधाच्या परीक्षकांना सुचले नव्हते.

जेथे गावाचाच हक्क शाबीत झाला आहे, तेथे तर देणगीदाराने दोन पावले मागेच उभे राहावे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू कोणाला, किती, कोणत्या दराने विकायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. अशा गावाला पैसा हवा असतो तो मोजणीला, वणवा अडवण्याच्या जाळरेषांना, तरुणांच्या प्रशिक्षणाला; दात्याच्या सल्ल्याला नव्हे.

रक्कम कशी ठेवावी, हा अखेरचा प्रश्न. पंचवीस लाख खर्चून टाकण्याऐवजी त्यांचा कायम निधी केला आणि शेकडा सहा व्याज धरले, तर वर्षाला दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार रुपये येतात. त्यांत एक स्थानिक राखणदार अर्ध्या वेळासाठी ठेवून काही मालकांचा मोबदला भागतो, आणि महागाईने निधी झिजू नये म्हणून व्याजातला थोडा अंश मुद्दलात परत घालता येतो. हा निधी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवावा. या कायद्याचे कलम ३६ असे की विश्वस्तसंस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही; तेव्हा पुढेमागे एखाद्या हिस्सेदाराने आपण होऊन तुकडा दान केला आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली, तर तो विजेत्याच्या नातवंडांच्या तावडीतूनही सुरक्षित राहतो. विश्वस्तांत एक हिशेबनीस, एक वनस्पतींचा जाणकार, मालकांपैकी दोघे आणि रानात रोज लाकूडफाट्याला जाणारी गावातली एखादी बाई असावी, कारण कुठली ढोली यंदा रिकामी राहिली हे तिला बाकीच्या चौघांच्या आधी कळते; विजेत्याच्या कुटुंबातला एकच घ्यावा, आणि शक्य तर तो मेहुणा नसावा. कराराची मुदत संपण्याच्या दोन वर्षे आधी नूतनीकरणाची बोलणी सुरू करावीत, ती गणपतीतच, म्हणजे लालबाग आणि डोंबिवली दोन्ही एका ओटीवर भेटतात, आणि ठेकेदाराच्या आधी भेटतात.