हंगामोत्तर रोबोटिक्स स्पर्धा

हंगामोत्तर (ऑफ-सीझन) रोबोटिक्स स्पर्धा म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अधिकृत हंगाम संपल्यावर संघांनी व स्वयंसेवकांनी आपापल्या पातळीवर भरवलेल्या स्पर्धा होत. खेळ त्याच वर्षीचा आणि रोबोही तेच असतात. मात्र येथील विजयाने अधिकृत गुण मिळत नाहीत, की अजिंक्यपदासाठी पात्रताही मिळत नाही.

अधिकृत हंगाम

डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या फर्स्ट या संस्थेची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये अमेरिकेतील मँचेस्टर (न्यू हॅम्पशायर) येथे झाली. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. तीन-तीन संघांच्या दोन युतींमध्ये सुमारे अडीच मिनिटांचा सामना रंगतो. प्रादेशिक व जिल्हा स्पर्धांतून निवडलेले संघ एप्रिलमध्ये ह्यूस्टन येथील अजिंक्यपद स्पर्धेत उतरतात. तेथे सुमारे ६०० संघ आठ विभागांत खेळतात आणि विभागविजेत्या युतींची अंतिम लढत ‘आइन्स्टाइन’ नावाच्या मैदानावर होते.

तुलना

दोन्ही स्पर्धांतील खरा फरक प्रवेशाच्या निकषात आहे. अजिंक्यपद स्पर्धेत केवळ सामने जिंकणारेच नव्हे, तर समाजकार्य, अभियांत्रिकीचा प्रसार किंवा नवोदितांतील गुणवत्ता यांसाठी पुरस्कार मिळवलेले संघही पात्र ठरतात. संस्थेचा हेतू शिक्षणाचा असल्याने हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे मैदानावरील रोबोंच्या ताकदीत मोठी तफावत राहते. शिवाय पात्रता फेरीतील सहकारी संगणक ठरवतो. साधारण दहा सामन्यांत सहकारी कोण लाभले, यावर क्रमवारी बरीच अवलंबून असते.

याउलट इंडियाना राज्यात जुलैमध्ये होणाऱ्या इंडियाना रोबोटिक्स इन्व्हिटेशनलमध्ये निमंत्रित संघच खेळतात आणि निवडीत हंगामातील कामगिरीला मोठे वजन असते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे संघ क्र. २५४ चेझी चॅम्प्स भरवतो. येथे दुबळा सहकारी क्वचितच वाट्याला येतो. म्हणून सरासरी सामन्याचा दर्जा अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीपेक्षा वरचढ दिसल्यास नवल नाही. २०१७ ते २०१९ या काळात अजिंक्यपद स्पर्धाच दोन शहरांत विभागली गेली होती. तेव्हा दोन्हीकडचे नामवंत संघ एकाच मैदानावर पाहण्याची संधी अशा निमंत्रितांच्या स्पर्धांनी दिली.

तरीही दोन्हींचे गुणफलक शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. जुलैपर्यंत रोबोत सुधारणा झालेल्या असतात. आयोजक काही वेळा नियमांत बदल करतात. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी शाळा सोडून गेलेले असतात आणि पुष्कळ संघ मुद्दाम नवख्यांच्या हाती नियंत्रण देतात. जिंकण्याची ईर्षा कमी असेलच असे नाही, पण हरण्याची किंमत निश्चितच कमी असते. म्हणूनच हंगामात जोखमीची वाटलेली युक्ती येथे निर्धास्तपणे आजमावता येते.

२०१९ पर्यंत हा फरक अधिक ठळक होता. सुमारे सहा आठवड्यांच्या बांधणीनंतर रोबो पिशवीत मोहोरबंद करावा लागे. हंगाम संपल्यावरच त्यावर मनाजोगते काम करता येई. हा नियम २०२०च्या हंगामापासून रद्द झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये कोविड साथीमुळे हंगाम स्थगित झाला आणि २०२१चा अधिकृत हंगाम संघांनी आपापल्या ठिकाणाहून, प्रतिस्पर्ध्याविना पार पाडला. त्या पिढीतील अनेक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष सामन्याचा अनुभव पुढे हंगामोत्तर स्पर्धांतच मिळाला.

भारतीय संघ

मुंबईच्या ‘आर फॅक्टर’ (क्र. ६०२४) यासारख्या संघांना अधिकृत सामन्यांसाठी परदेशी जावे लागले आहे. प्रवासाचा व रोबो पाठवण्याचा खर्च करून मोजकेच सामने पदरात पडतात. अमेरिकेतील संघाला उन्हाळ्यात जवळच्या शाळेच्या व्यायामशाळेत मिळणारा वाढीव सराव त्यांना तितका सहज लाभत नाही.