२१ दिवस, दहा हजार तास आणि अर्धं पान

कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की तिची सवय लागते, असं शाळेतल्या व्याख्यानांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा रुग्णांच्या अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला, रुग्णही गळाले आणि नुसता आकडा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं होतं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं धावायचं. ते आपसूक घडू लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याहून मोलाची बाब म्हणजे एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही. ‘खंड पडला, संपलं सगळं’ म्हणून कितीतरी जण चांगलं चाललेलं काम सोडून देतात, आणि त्याला काहीच आधार नाही.

दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो, हा नियमही असाच. १९९३ साली अँडर्स एरिक्सन यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम विद्यार्थ्यांचा विशीपर्यंतचा रियाज सरासरी दहा हजार तासांच्या घरात जात होता. ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही: ही मुलं मागे पडलेल्यांपेक्षा जास्त झोपत होती, दुपारची डुलकीही काढत होती. रात्र रात्र जागणं म्हणजे मेहनत, असं मानणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

मग मोठं काम होतं कसं? महामहोपाध्याय पां. वा. काणे मुंबईत वकिली करत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहावी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हात घातला आणि ती प्रस्तावना पाच खंडांपर्यंत वाढली. पहिला खंड १९३० साली निघाला तेव्हा ते पन्नाशीचे होते. शेवटचा भाग १९६२ साली आला तेव्हा ८२ वर्षांचे. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद झालं, राज्यसभेची खासदारकी झाली. एकूण पानं साडेसहा हजारांवर. या ३२ वर्षांवर ती वाटली तर दिवसाला जेमतेम अर्धं पान येतं! प्रत्येक पानामागचं वाचन अर्थातच कितीतरी पट मोठं.

तरीही ‘कष्ट केले की सगळं मिळतं’ हे खरं नाही. २०१४ साली ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संगीतातल्या कामगिरीतला सुमारे २१ टक्के फरकच सरावाने उलगडला. बाकीच्यात बरंच काही येतं. काण्यांच्या हाताशी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारखं ग्रंथालय होतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांसह राहणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याच्या वस्तीत रात्री उघडी राहणारी अभ्यासिका आहे का, हे विचारायला हवं.